कॅम्पसमध्येच तर जायचंय, मग हेल्मेट कशाला?

हॉस्टेल ते लायब्ररी, पाचच मिनिटं. म्हणून हेल्मेट खोलीवरच राहतं. पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४०० एकरांहून मोठा आहे. तिथे पायी चालणारे, सायकली आणि स्कूटर एकाच रस्त्यावर असतात.

वेगाचं गणित काय?
ताशी २० किमी वेगात गाडी सेकंदाला साधारण साडेपाच मीटर जाते, ४० च्या वेगात ११ मीटर. समोर कुणी आल्यावर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढं अंतर आधीच संपलेलं असतं. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट वेगात चौपट होतं.

ई-स्कूटरला लायसन्स लागतं का?
२५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ किमीच्या आतल्या, निकषांत बसणाऱ्या गाड्यांना लागत नाही. पण त्यावरून पडलं तरी डोक्याला मार लागतोच.

मग काय करायचं?
• आयएसआय मार्कचं हेल्मेट, पट्टा लावून.
• सायकलला घंटी आणि मागे रिफ्लेक्टर.
• चालवताना इअरफोन नको.
• गाडी रॅम्पवर लावू नका. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यासाठी वर्गात जायची तीच वाट असते.