पहिली नोकरी आणि अनुभवाचा पेंच

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें जे प्रश्न उभे राहतात, त्यांत पहिल्या नोकरीचा प्रश्न सर्वांत बिकट होय. दाखला हातीं असतो, अंगांत बळ असतें, काम करण्याची इच्छाही असते, परंतु ज्या दारीं जावें तेथें "अनुभव किती?" हा एकच प्रश्न कानीं येतो. अनुभव नाहीं म्हणून काम मिळत नाहीं, आणि काम मिळत नाहीं म्हणून अनुभव येत नाहीं. वेड गेल्यावांचून लग्न होत नाहीं व लग्न झाल्यावांचून वेड जात नाहीं, अशी जी म्हण आपल्याकडे आहे, तिचाच हा प्रकार. हा पेंच कसा पडतो व तो कसा सोडवावा, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम परिस्थिति जशी आहे तशी पाहूं. 2023 सालीं महाराष्ट्र सरकारनें तलाठ्यांच्या सुमारें 4,600 जागांसाठीं परीक्षा घेतली. अर्ज आले 10 लाखांहून अधिक. 2024 सालच्या पोलीस भरतींत जागा 17,000 च्या वर होत्या, तर अर्ज 17 लाखांच्या वर. म्हणजे पहिल्या ठिकाणीं एका जागेमागें दोनशेंहून अधिक उमेदवार, व दुसऱ्या ठिकाणीं सुमारें शंभर. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक ही कीं, ज्याची निवड झाली नाहीं तो आळशी किंवा मंदबुद्धि ठरत नाहीं. पालकांनीं त्यास तसें बोलूं नये. दुसरी ही कीं, एकाच परीक्षेच्या आशेवर चारपांच वर्षें इतर कांहींएक न करितां घालविणें धोक्याचें आहे. परीक्षा अवश्य द्यावी; पण हात रिकामे ठेवूं नयेत.

आतां, धनी अनुभव मागतो म्हणजे नेमकें काय मागतो? हें समजण्यास आपल्या वडवणी भागाचेंच उदाहरण पुरेसें आहे. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात. मुकादम या जोडीस प्रमाणपत्र विचारीत नाहीं. उलट हंगामापूर्वींच तिला उचल देतो. असें कां? तर तो त्या घरास ओळखतो, व ही माणसें कामास येतील अशी त्याची खात्री असते. परंतु या ओळखीची किंमत जबर आहे. उचल मजुरींतून फेडावी लागते, आणि हंगामांत ती फिटली नाहीं तर बाकी पुढील वर्षाच्या माथीं बसते.

शहरांतील धनी आपणांस ओळखत नाहीं. हा मुलगा किंवा ही मुलगी वेळेवर येईल काय, दिलेलें काम पुरें करील काय, हिशेबास चोख राहील काय, हें त्याला ठाऊक नसतें. म्हणूनच तो अनुभव विचारतो. तेव्हां अनुभव म्हणजे केवळ वर्षांची संख्या नव्हे. अंगावर घेतलेलें काम आपण पार पाडतों याची, परक्या माणसास पटेल अशी साक्ष, हा त्याचा खरा अर्थ होय. हा अर्थ ध्यानांत घेतला म्हणजे पेंच बराच सैल होतो. वर्षें एकदम हातीं येत नाहींत. साक्ष मात्र लहान कामांतूनही जोडतां येते.

ती जोडण्याचा पहिला मार्ग उमेदवारीचा. शिकाऊ उमेदवारांसाठीं 1961 सालीं केलेल्या कायद्याखालीं, 30 किंवा त्याहून अधिक माणसें असलेल्या कारखान्यास अगर कचेरीस एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. 2019 च्या नियमांनीं त्यांचें किमान विद्यावेतन, शिक्षणाप्रमाणें, दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरविलें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांस हा मार्ग विशेष सोयीचा आहे. पदवीधरांसही तो बंद नाहीं. छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूज येथें 1985 सालीं बजाज ऑटोचा कारखाना निघाला, आणि त्या वसाहतींत सुटे भाग करणारे अनेक लहान कारखाने उभे राहिले. मोठ्या नांवाच्याच दारीं गर्दी न करितां अशा लहान ठिकाणींही चौकशी करावी. सरकारी योजना वेळोवेळीं बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबतां बीड येथील जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांत स्वतः विचारावें.

दुसरा मार्ग गांवांतच आहे. बी-बियाण्यांचें दुकान, मोटारसायकलींचें गॅरेज, हंगामांतील कापसाची खरेदी, दवाखान्यांतील नोंदवही, या ठिकाणीं दोनतीन महिने मन लावून काम करावें. आणि निघतांना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणतें काम केलें, हें धन्याच्या सहीनें लिहून घ्यावें. पुष्कळ मुलें काम करितात, पण हा कागद मागण्यास संकोचतात, आणि केलेलें काम न केल्यासारखें होतें.

अर्ज लिहितांनाही हेंच तत्त्व पाळावें. "मी प्रामाणिक व कष्टाळू आहें" या वाक्यास फारशी किंमत नाहीं. तें सर्वच लिहितात. "तीन महिने रोजच्या पावत्या लिहिल्या व दर शनिवारीं शिलकेचा मेळ घालून दिला" हें वाक्य साधें आहे. पण तें वाचून धनी क्षणभर थांबतो. एकच मजकूर शंभर ठिकाणीं न पाठवितां, त्या त्या कामास आपला कोणता गुण उपयोगी पडेल तें निवडून लिहावें.

पालकांस दोन शब्द. मुलाची निराशा पाहून "पैसे भरा, नोकरी लावून देतों" असें सांगणारे दारीं येतात. परीक्षेची जाहीर फी ही वेगळी गोष्ट. पण कामाला लावण्यासाठीं जो पैसे मागतो, त्याच्याजवळ बहुधा देण्यासारखें काम नसतें. त्याकरितां शेत गहाण टाकूं नये, आणि मूळ प्रमाणपत्रें कोणाच्याही ताब्यांत ठेवूं नयेत. एका कर्जांतून सुटण्यासाठीं ज्या लेंकरास शिकविलें, त्याच्याच नांवानें दुसरें कर्ज करणें हें दुर्दैव होय. तसेंच, मुलीनें मिळविलेला अनुभवही मुलाच्या अनुभवाइतकाच खरा असतो; तिला घरीं बसवून तिचीं वर्षें कोरीं जाऊं देऊं नयेत.

विद्यार्थिमित्रहो, पहिलें काम मनासारखें असेलच असें नाहीं. पगार थोडा असेल, काम हलकें वाटेल. परंतु तें चोख केलें, तर तुम्हांस न ओळखणाऱ्या माणसाला तुमच्याविषयीं सांगणारें एक माणूस या जगांत निर्माण होतें. थेंबें थेंबें तळें सांचतें, अशीं चारदोन माणसें जोडलीं म्हणजे "अनुभव किती?" या प्रश्नास तुम्हीं मान वर करून उत्तर द्याल.