ढगळ शर्टाचे माप

ढगळ शर्ट शिवायला सोपा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. अंगाला नेमका बसवायचा नसतोच, तेव्हा इंचभर इकडेतिकडे झाले तर कोणाला कळणार? माझे मत याच्या उलट आहे. तंग कपड्याला निदान अंगाचा आधार असतो. ढगळ कपडा अंगापासून दूर राहतो, म्हणून तो कुठे दूर ठेवायचा आणि कुठे नाही, हे कात्री हातात घेण्यापूर्वीच ठरवावे लागते.

गेल्या उन्हाळ्यात मी बडोद्यास आत्याकडे दांडिया बाजारात मुक्कामाला होते. मे महिन्यातील बडोद्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना मोकळ्या सुती शर्टाचे महत्त्व सांगायला नको. कापड आणि कातडी यांमध्ये वारा खेळला की घाम लवकर वाळतो. जवळच्याच एका शिंप्याकडे गेले. त्याने छाती ३४ इंच मोजली आणि वहीत ३८ लिहिले. मी ४४ ठेवा म्हणताच त्याने टेप गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "बेन, आ तो भाईनुं शर्ट थई जशे."

तयार कपडा अंगापेक्षा जितका मोठा ठेवतात त्याला मी येथे मोकळीक म्हणते. बाईच्या शर्टाला चार इंच मोकळीक, हा त्या शिंप्याचा वर्षानुवर्षांचा आडाखा. तो त्याच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. म्हणून त्याच्याशी वादही घालता येईना. आत्याने पायमशीन पुसून तेल घातले आणि म्हणाली, "अगं, मग घरीच शिव की!"

बडोद्याला हे नवे नाही. महाराणी चिमणाबाईंनी येथे १९१४ साली स्त्री उद्योगालय काढले, ते बायकांना स्वतःच्या हातच्या कामावर चार पैसे मिळवता यावेत म्हणून. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९४९ साली हंसाबेन मेहता ज्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या त्या विद्यापीठात, वस्त्रविद्या हा पदवीचा विषय झाला. मला पदवी घ्यायची नव्हती. एक शर्ट हवा होता.

शिंप्याच्या डोक्यातील आडाखा कागदावर उतरवणे, हाच कागदी नमुन्याचा खरा उपयोग. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग गावी एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. सुरुवात मुलांच्या आणि पुरुषांच्या कपड्यांनीच झाली. आज असा नमुना संगणकावरून घेऊन झेरॉक्सच्या दुकानात ए-४ कागदांवर छापता येतो. छापताना प्रमाण शंभर टक्केच ठेवायला सांगावे आणि कागद चिकटवण्यापूर्वी कोपऱ्यातील चौकोन पट्टीने मोजावा. तो लहान भरला तर सगळा शर्ट लहान होणार.

आता मुख्य मुद्दा. ढगळ शर्ट हवा म्हणून नुसता चार मापे मोठा नमुना घेतला तर काय होते? छातीबरोबर गळाही वाढतो, आणि १४ इंचांच्या मानेभोवती साडेसोळा इंचांची कॉलर मडक्याच्या कडेसारखी उभी राहते. बाहीही लांबते. असा शर्ट दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो. म्हणून गळा आपल्याच मापाचा ठेवावा आणि घेर तेवढा वाढवावा. ३४ छातीला ४४ घेर म्हणजे दहा इंच मोकळीक. ती चार भागांत वाटली की प्रत्येक पाव भागाला अडीच इंच येते.

खांद्याचे तसेच. माझा खांदा साडेचौदा इंच. नमुन्यात तो २० ठेवला. म्हणजे खांद्याची शिवण दोन्हीकडे पावणेतीन इंच दंडावर उतरली. तेवढेच बाहीतून वजा करायचे: २२ इंचांची बाही सव्वाएकोणीसवर आली. मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंतचे अंतर काही बदललेले नाही, हे ध्यानात ठेवले की पुरे.

बाहीच्या वरच्या टोकाला घुमटासारखा जो उंचवटा असतो, त्यातली गंमत गणिताच्या विद्यार्थ्यांना आवडेल. मुंढ्याचा घेर २० इंच धरा, म्हणजे पुढे दहा, मागे दहा. बाहीचा कागद मधोमध दुमडला की घुमटाचे टोक, काखेचे टोक आणि घडीवर त्याच पातळीतला बिंदू यांचा काटकोन त्रिकोण होतो. दहा इंच हा त्याचा कर्ण. उंचवटा ४ इंच ठेवला तर पाया सुमारे ९.२, म्हणजे बाहीची रुंदी १८.३ इंच. उंचवटा २ इंच केला तर पाया ९.८ आणि रुंदी १९.६. प्रत्यक्षात रेषा वक्र असल्याने थोडा फरक पडतो, पण तत्त्व हेच. उंच घुमटाची बाही खाली सरळ पडते, दिसायला सुबक; मात्र हात वर केला की सगळा शर्ट वर ओढला जातो. बसक्या घुमटाची बाही काखेत चुण्या पाडते, पण फळ्यावर लिहायला हात मोकळा राहतो. खांदा दंडावर उतरला की त्याची गोलाई अंगाच्या तुकड्यानेच झाकली जाते, तेव्हा उंच घुमटाचे कामच उरत नाही.

उंचवटा शून्य केला तर? रुंदी पूर्ण २० इंच, आणि वरची कड सरळ. हा आपला जुना सदराच झाला! सरळ अंग, सरळ बाही, काखेत हात उचलण्यासाठी चौकोनी तुकडा. कापड सरळ रेषांत कापले जाई, त्यामुळे चिंध्या फारशा निघत नसत. आपल्या कन्नड विभागातील मित्र शर्टाला 'अंगी' म्हणतात, आपण अंगरखा, अंगडे म्हणत आलो. दोन्हींत अंग आहे, पण ते आवळलेले नाही. तेव्हा ढगळ शर्ट ही परदेशी फॅशन म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी आजोबांची ट्रंक उघडून पाहावी.

कापड मऊ घ्यावे. जाड खादीचा ढगळ शर्ट तंबूसारखा उभा राहतो. पातळ, धुतलेले सुती कापड अंगाबरोबर पडते. ४४ इंच पन्ह्याचे अडीच मीटर मला पुरले. सुती कापड आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. नमुन्यावरील बाणाची रेघ किनारीला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर ठेवावी. शिवणीसाठी माया सोडायला विसरू नये. कडेला ठेवलेल्या या जादा कापडाला आपल्या भाषेने माया म्हणावे, याचे मला फार कौतुक वाटते.

शिवणीचा क्रमही येथे सोपा होतो. पाठीला योक, पुढे बटणपट्ट्या, मग खांदे, मग कॉलर. कॉलरच्या आत बकरम हलके घालावे. घुमट बसका असल्याने बाही उघडीच, सपाट ठेवून मुंढ्याला जोडता येते. त्यानंतर मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेतून खाली घेरापर्यंत एकच टीप. शेवटी कफ आणि खालची दुमड.

राहिली काजे. पुरुषांच्या शर्टात काजे डाव्या बाजूस, बटणे उजव्या. बायकांच्या शर्टात उलट. आत्याने खडू हातात घेऊन विचारले, "कोणत्या बाजूला करायची?" मी डाव्या बाजूला म्हटले. तिने सहा खुणा केल्या, पहिली छातीच्या रेषेवर आणि बाकीच्या तिथून वर-खाली साडेतीन इंचांवर.