एकोणीस वर्षांचा कायदा

 एका पिढीने केलेली राज्यघटना पुढच्या पिढ्यांना कोणत्या न्यायाने बांधते, ही वाचकांची पृच्छा मुळाशी जाणारी आहे.

तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत असलेल्या थॉमस जेफरसनने हाच प्रश्न ६ सप्टेंबर १७८९ रोजी पॅरिसहून जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात मांडला. बास्तीयचा पाडाव होऊन तेव्हा दोन महिनेही उलटले नव्हते, आणि ज्या कर्जापायी फ्रेंच राजसत्ता डबघाईला आली, ते राजांनी करून ठेवलेले कर्ज प्रजेने का फेडावे, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर होता. पृथ्वीवर जिवंत माणसांचा केवळ उपभोगाधिकार असतो, म्हणजे हयातीपुरता तिचा लाभ घ्यावा, परंतु तिच्यावर बोजा चढवून मागे ठेवू नये, हे त्याचे सूत्र होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बूफाँच्या मृत्युसारण्यांवरून त्याने हिशेब केला, की एकवीस वर्षांवरील हयात लोकांपैकी निम्मे १८ वर्षे ८ महिन्यांत निवर्ततात. अर्थात आजचे बहुमत १९ वर्षांनी बहुमत उरत नाही, म्हणून प्रत्येक घटना, कायदा व सार्वजनिक कर्ज यांची मुदत तेवढीच असावी. कायदा रद्द करण्याची मुभा असली म्हणजे पुरे, हा युक्तिवाद त्याला मान्य नव्हता, कारण हितसंबंध आणि गटबाजी यांमुळे रद्द करणे प्रत्यक्षात दुष्कर होते.

मॅडिसनचे ४ फेब्रुवारी १७९०चे उत्तर सौम्य आहे, पण तर्काच्या दृष्टीने सरस आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धासाठी काढलेल्या कर्जाचा लाभ पुढच्या पिढीलाही मिळतो, तेव्हा त्याचा भार तिने उचलणे अन्यायाचे नाही. आणि मूक संमती, म्हणजे कायद्याला विरोध न करण्यातूनच गृहीत धरली जाणारी मान्यता, नाकारली तर नुकत्याच सज्ञान झालेल्या प्रत्येकाला प्रत्येक कायदा नव्याने मान्य करावा लागेल. हिशेबातील खरी खोट येथे उघड होते: पिढ्या एकोणिसाव्या वर्षी एकदम बदलत नाहीत, माणसे रोज जन्मतात आणि रोज मरतात.

तरीही जेफरसनने हा विचार सोडला नाही; १८१६ साली सॅम्युअल कर्शेव्हल यास लिहिताना व्हर्जिनियाच्या घटनेची दर एकोणीस-वीस वर्षांनी उजळणी व्हावी, असेच त्याने सुचवले. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र कर्ज पिढ्यांची वेस सहज ओलांडून गेले. सासऱ्याच्या वारशाबरोबर त्याचे कर्ज आणि शंभराहून अधिक गुलाम त्याच्याकडे आले होते. तो स्वतः १८२६ साली एक लाख डॉलरांहून अधिक देणे ठेवून निवर्तला, आणि ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७मध्ये त्याच्या माँटिसेलो या मळ्यावरील गुलामांचा लिलाव पुकारण्यात आला. जिवंतांच्या हक्कांच्या या सिद्धान्तात त्या जिवंतांची गणनाच नव्हती, आणि हा दोष मॅडिसनने दाखवलेल्या दोषापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

भारताच्या संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जेफरसनच्या याच विचाराचा आधार घेतला. पण एकोणीस वर्षांचा हिशेब त्यांनी घेतला नाही. घटना आपोआप संपावी असे न म्हणता, ती दुरुस्त करण्याची वाट अमेरिका व ऑस्ट्रेलियापेक्षा सुकर ठेवली आहे, एवढेच त्यांनी सभेस दाखवून दिले. जेफरसनच्या सिद्धान्तातील टिकाऊ अंश तेवढाच होता. जिज्ञासूंनी ते भाषण या पत्रव्यवहाराशेजारी ठेवून अवश्य वाचावे.