तळहात की बोट?

माझी भाची यंदा सहावीत आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढलो. चढताना ती धापा टाकत होती आणि दर वळणावर विचारत होती, "मावशी, अजून किती?" वर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही हाणल्यावर स्वारी खूश. "आता काय, नुसता उतार!" पण पायथ्याशी पोहोचेपर्यंत तिचे पाय लटलट कापत होते. सोमवारी सकाळी तर घराचा जिना ती कठडा धरून, आई गं आई गं करत उतरली.

चढताना दम लागला, ते कळलं. पण उताराला कसले आले कष्ट?

विहिरीतून भरलेली घागर ओढायला जोर लागतो. आता तीच भरलेली घागर दोरानं हळूहळू खाली सोडून बघा. दोर सोडायचाही आणि सुटू द्यायचा नाही! उतरताना प्रत्येक पावलाला तुमच्या मांडीचे स्नायू हेच करतात. घागर म्हणजे तुम्ही स्वतः. लांब होता होताच ते भार तोलून धरतात, आणि या कामात त्यांच्या धाग्यांना अगदी बारीक बारीक इजा होते. ती सारखी करायला शरीराला काही दिवस लागतात. म्हणून दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि मग ओसरतं. गंमत म्हणजे काही दिवसांनी पुन्हा गेलात, तर तोच उतार कमी दुखवतो.

पण हे झालं मांडीचं. गुडघा वेगळाच गडी आहे.

बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी कृत्रिम गुडघ्यांच्या आत मापकं बसवली आणि ते गुडघे बसवलेली माणसं चालताना आतला भार मोजला. सपाट रस्त्यावर तो वजनाच्या साधारण अडीचपट निघाला, जिना उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. हे मोजमाप मोठ्या माणसांचं आहे. पण त्याच हिशेबानं 36 किलोच्या मुलीच्या एका गुडघ्यावर एका पायरीला सव्वाशे किलो!

एवढा भार झेलतं कोण? हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. मग ती जेवते कशी? तर भांडी घासायच्या स्पंजासारखी. पाय टेकला की दाबली जाते, थोडं पाणी बाहेर. पाय उचलला की फुगते, सांध्यातला रस आत. हा रस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट असतो आणि अख्ख्या गुडघ्यात चहाच्या चमच्यात मावेल इतकाच असतो. तेच तिचं अन्न आणि तेच वंगण. म्हणजे गुडघा हलला तरच कूर्चेला घास मिळतो. म्हणून "गुडघे झिजतील, पळू नकोस" असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. नुसतं बसून राहणं गुडघ्याला उपाशी ठेवतं.

मात्र तुमच्या वयाची एक खास गोष्ट आहे. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला हात लावा. तिथे एक उंचवटा लागेल. मांडीचा दणकट स्नायू वाटीमार्फत तिथेच जोडलेला असतो, आणि वाढत्या वयात ती जागा अजून पक्कं हाड झालेली नसते. खो-खो, कबड्डी, उड्या यांनी तिथे सारखी ओढ बसली की ती सुजते, हुळहुळते. 1903 साली अमेरिकेत ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमध्ये श्लाटर या दोन डॉक्टरांनी हे दुखणं वेगवेगळं नोंदवलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. ते बहुतेकदा वाढ पूर्ण झाली की थांबतं, पण तोवर खेळ जरा कमी करावा लागतो. "वाढीचं वय आहे, दुखणारच" म्हणून ते उडवून लावणं मला मुळीच पटत नाही.

म्हणून मी भाचीला एकच प्रश्न विचारते: तळहात की बोट? कुठे दुखतंय म्हटल्यावर तिनं अख्ख्या मांडीवरून तळहात फिरवला, तर बहुधा स्नायू. थोडं चालायचं, झोपायचं, बरं होतं. पण सांध्याजवळ एका ठिकाणी बोट टेकवलं, तर आधी खेळ थांबवायचा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा आणि घरी सांगायचं. सांधा सुजला, गरम लागला, अडकला, लंगडायला झालं, रात्री दुखून जाग आली किंवा सोबत ताप आला, तर थेट डॉक्टर.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. आधीचे तीन आठवडे ती रोज इमारतीचे जिने चढत-उतरत होती. पहिल्या आठवड्यात दोन मजले, मग तीन, मग चार. निघण्यापूर्वी वाहनतळावरच पाच मिनिटं जागच्या जागी चालली. पाठपिशवी हलकी, हातात काठी. उतरताना पळायचं नाही, गुडघा किंचित वाकवून छोटी छोटी पावलं टाकायची. काठीवर भार टाकला की गुडघ्याचं ओझं थोडं हाताकडे जातं, हे तिनं स्वतःच शोधून काढलं.

अर्ध्या वाटेवर एका टपरीपाशी थांबलो. मी विचारलं, "तळहात की बोट?"

तिनं एक बोट वर केलं. माझ्या पोटात धस्स झालं.

"अजून एक मटका दही," ती म्हणाली.