दिवा बाहेर, प्रकाश आत

अणुभट्टी बंद केली म्हणून तिच्यातला किरणोत्सर्ग थांबत नाही. दुरुस्तीला गेलेल्या माणसाला तिथं घड्याळ लावूनच काम करावं लागतं. नरोरा, काकरापारसारख्या ठिकाणच्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीत ३०६ शीतक नळ्या असतात आणि काही वर्षांनी त्या सगळ्या बदलाव्या लागतात. नळीच्या दोन्ही टोकांना पोलादी बेलोजची, म्हणजे घडीदार लवचीक जोडाची, वेल्ड केलेली कड असते. ती कापल्याशिवाय नळी निघत नाही. म्हणजे ६१२ काप, तेही भट्टीच्या तोंडाशी, अडचणीच्या जागेत.

हे काम लेसरनं करायचं ठरलं ते इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रामुळे. नाव लांबलचक, इंदूरकरांसाठी ते अजून ‘कॅट’च (सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) आहे आणि तिकडं जाणारा रस्ता कॅट रोड. होळकरांच्या सुखनिवास महालाच्या परिसरात १९८४ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली. भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ १९८६पासून इथं येऊ लागले आणि दि. दे. भवाळकर पहिले संचालक झाले. रामण्णांचं नाव २००५ साली जोडलं गेलं. इंडस-१ आणि इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमुळे केंद्राचं नाव गाजतं, आणि लेसरवाल्यांच्या वाट्याला मात्र निम्मंच कौतुक येतं. मला हे काही न्यायाचं वाटत नाही.

ताकदीचाच प्रश्न असता तर कार्बन डायऑक्साइड लेसर केव्हाही सरस. जाड पत्रा कापायला उद्योगांनी तो वर्षानुवर्षं वापरला. पण त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि साधी काच तो शोषून घेते. त्यामुळे त्याला आरशांवरूनच वळवत न्यावं लागतं. निओडिमियम-याग लेसरची तरंगलांबी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, १.०६ मायक्रॉन. हा प्रकाश अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काचतंतूतून लांबवर निमूट जातो. सगळी मेख इथंच आहे. लेसर, त्याचा वीजपुरवठा, त्याला गार ठेवणारं पाणी आणि चालवणारा माणूस असा सगळा पसारा दूर, सुरक्षित जागी ठेवायचा. भट्टीच्या तोंडाशी जायचं ते फक्त तंतूचं टोक आणि एक आटोपशीर नोझल.

नोझलमधल्या भिंगानं झोत एका बिंदूवर एकवटतो. प्रकाश अखंड येत नाही, काही मिलिसेकंदांच्या स्पंदांनी येतो. दर स्पंदाला पोलादाचा एक ठिपका वितळतो आणि नोझलमधूनच सुटणारा वायूचा फवारा तो रस उडवून देतो. ठिपक्याला ठिपका लागत नोझल कडेभोवती फिरतं. हत्याराचा दाब नाही, पात्याची झीज नाही, आणि मुख्य म्हणजे माणूस फार वेळ तिथं लागत नाही.

लेसरच्या झोतात धातूची भुकटी वितळवून थरावर थर चढवत भाग घडवणं, पृष्ठभागावर कठीण मिश्रधातूचा लेप देणं, नॅनोसेकंदांच्या स्पंदांनी धातूला धक्का देऊन त्याचा थकवा लांबवणं, हेही या केंद्रात चालतं. त्यातलं प्रत्येक स्वतंत्र लेखाचं.

काचतंतूच्या याच वाटेनं प्रकाश माणसाच्या तोंडातही गेला. तिथं कापायचं काही नव्हतं, फक्त विचारायचं होतं. नायट्रोजन लेसरचा ३३७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश गालाच्या आतल्या त्वचेवर टाकला की पेशींमधली द्रव्यं आणि कोलॅजन स्वतःचा मंद उजेड, म्हणजे फ्लुओरेसन्स, देतात. ऊती बिघडू लागली की त्या उजेडाचा रंग आणि जोर बदलतो. डोळ्यांना हा फरक पुरेसा कळत नाही, वर्णपटमापीला कळतो. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर रामन वर्णपटाचाही अभ्यास झाला. त्यात रुग्णाच्या तोंडातच तंतू टेकवून मोजमाप घेतलं गेलं. रेणूगणिक वेगळी ओळख देणारी ही पद्धत नेमकी खरी, पण तिचा संकेत अत्यंत क्षीण असतो. तो पकडायला महागडा शोधक लागतो. म्हणून गावोगावच्या शिबिरांसाठी फ्लुओरेसन्सचाच मार्ग अधिक व्यवहारी वाटतो.

ऑन्कोडायग्नोस्कोप हे उचलून नेता येणारं उपकरण केंद्रानं तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठीच घडवलं. तंबाखू मळून गालात धरणारी माणसं माळव्यात आहेत तशी विदर्भ-मराठवाड्यातही आहेत, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण तोंड उघडेनासं झाल्यावरच डॉक्टरकडे जातात. असं यंत्र बायोप्सीची जागा घेत नाही. शिबिरात रांगेत उभ्या असलेल्यांपैकी बायोप्सीसाठी कुणाला पाठवायचं, एवढंच ते सांगतं. सांगितल्यावर तो माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोचतो का, ते त्याच्या मजुरीच्या दिवसावर आणि एसटीच्या वेळेवर ठरतं.