चाचे पकडले, पण खलाशांचे काय?

आपल्या गोव्यात नात्यात किंवा शेजारात बोटीवर नोकरी करणारा कोणीच नाही, असे घर विरळाच. त्यामुळे सोमालियाजवळ जहाज पळवल्याची बातमी आपल्याला दूरची वाटत नाही. अशा वेळी सरकारने काय करायला हवे, हे एका उदाहरणावरून नीट समजते.

२८ सप्टेंबर २०१० रोजी ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सोमाली चाच्यांनी पळवले. झेंडा पनामाचा, पण पंधराही खलाशी भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज आणि आठ जणांना सोडले, सात जणांना मात्र ठेवून घेतले. भारतीय नौदलाने पकडलेले शंभरावर चाचे आपल्या तुरुंगात होते. ते सुटल्याशिवाय यांना सोडणार नाही, अशी चाच्यांची अट होती. या सात जणांची सुटका व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडला.

मग नौदलाने चाचे पकडायलाच नको होते का? तसे नाही. त्या काळात अनेक देशांची नौदले चाच्यांना पकडून, हत्यारे काढून घेऊन सोडून देत. खटला कुठे चालवायचा, हाच प्रश्न असे. सुटलेले चाचे पुन्हा नवी होडी घेऊन समुद्रात उतरत.

१९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार खुल्या समुद्रात कोणताही देश चाच्यांचे जहाज ताब्यात घेऊ शकतो आणि त्यांच्यावर आपल्या न्यायालयात खटला चालवू शकतो. पण त्यासाठी देशाचा स्वतःचा कायदा पक्का लागतो. आपल्याकडे चाचेगिरीसाठी वेगळा कायदा नव्हता. दंड संहितेच्या इतर कलमांवर काम भागवावे लागे. जानेवारी २०११ मध्ये पकडलेल्या पंधरा जणांना मुंबईच्या न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली, ती २०१७ मध्ये!

ही उणीव चाचेगिरीविरोधी कायद्याने भरून काढली. संसदेने तो डिसेंबर २०२२ मध्ये संमत केला. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावर त्याचा उपयोग दिसला. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘आयएनएस कोलकाता’ने ते अडवले, हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले आणि चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले. सतराही खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले गेले.

म्हणजे पाठलाग आणि खटला या दोन गोष्टी आता जमू लागल्या आहेत. तिसरी गोष्ट ओलिसांची. चाच्यांच्या अटीवर सरकारने कैदी सोडू नयेत, हे खरे. सोडले तर पुढच्या प्रत्येक भारतीय खलाशाची किंमत वाढते. पण ज्या खलाशाला या ठामपणाची झळ बसते, त्याच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडणेही योग्य नाही. त्यांना वेळेवर माहिती देणारा एक जबाबदार अधिकारी हवा आणि जहाजाच्या मालकावर सरकारचा धाक हवा.

एक आधार मात्र आजच उपलब्ध आहे. सागरी कामगार कराराच्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार खलाशी चाच्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्याचा नोकरीचा करार चालू राहतो आणि पगार थांबवता येत नाही. ही दुरुस्ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे. घरातले कोणी बोटीवर जात असेल, तर करारपत्राची एक प्रत घरी ठेवून घ्या.