लारीवाल्याच्या दारात कार कशाला?

“आमचे अप्पा आता कार घेणार,” असं वर्गातल्या एका लारीवाल्याच्या मुलानं सांगितलं, तेव्हा शेजारचा लगेच म्हणाला, “याक बेकु?” प्रश्न काही चुकीचा नव्हता.

जनवाड्याहून निघालेला ड्रायव्हर हुमनाबादला पुणे-हैदराबाद महामार्गाला लागला, की पंधरा-वीस दिवस घरी फिरकत नाही. तेवढे दिवस कार ताडपत्रीखाली. उभ्या गाडीची बॅटरी उतरते; हप्ता आणि विमा मात्र थांबत नाहीत. आणि दमून घरी आलेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंग धरायला सांगायचं? त्याला झोप हवी असते!

बायकांचा दिवसाचा प्रवास बसवर भागतो. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. माहेर उदगीर-देगलूरकडे असलं तर तिकडच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट.

खरी अडचण रात्रीची. सासूबाईंना धाप लागते, शेवटची बस गेलेली असते. मग १०८ला फोन करून वाट बघायची, नाहीतर शेजाऱ्याचं दार वाजवायचं. अशा वेळी दारातली कार सोन्यासारखी, पण चालवणार कोण? घरातला एकुलता ड्रायव्हर नागपूरच्या वाटेवर!

म्हणून माझं म्हणणं, कारच्या आधी घरच्या बाईचं लायसन्स काढावं. अठरा पूर्ण झालेल्या लेकीचंही. मग जुनी गाडी घेतली तरी चालेल. शिकवायला मास्तर घरचाच आहे. सुट्टीतल्या दोन-चार सकाळी त्यानं लवकर उठावं, आणि क्लीनरवर ओरडतो तसं बायकोवर ओरडू नये.